तळपायाची कमान दुखत असल्यास इनसोलचा (बुटात तळव्याखाली बसवायच्या गादीचा) उपयोग होतो का?

होतो, मात्र इनसोल दुखण्याचे मूळ कारण दूर करत नाही. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळाशी जाणाऱ्या जाड पट्ट्यावरील ताण कमी करून तो त्याला सावरायला उसंत देतो. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली पावले सर्वाधिक दुखत असतील, तर बहुधा हाच पट्टा दुखावलेला असतो.

निवडताना इनसोलच्या कमानीचा उंचवटा अंगठ्याने दाबून पाहावा. तो सहज सपाट होत असेल, तर शरीराचे वजन पडल्यावर त्याचा आधार उरणार नाही. मऊपणा म्हणजे आधार नव्हे, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. बुटातील मूळ इनसोल काढूनच नवा बसवावा, अन्यथा टाच वर उचलली जाऊन बूट घट्ट होतो. पहिल्या दिवशी तास-दोन तासच वापरून पुढे एक-दोन आठवड्यांत वेळ वाढवत न्यावा. सुरुवातीला तयार इनसोल पुरेसा ठरतो, मापाचा महागडा लगेच करून घेण्याची गरज नसते. जोडीला पोटरीचे ताण देणारे व्यायाम रोज करावेत.

मधुमेह असल्यास किंवा पायाला बधिरपणा अथवा सूज असल्यास मात्र आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.