तीन मुलं, एकच टेबल

ताई, तिघांना शाळेत न घालता घरीच कसं शिकवायचं, असं विचारलंत ना? मग तीन मुलांचे तीन वर्ग चालवायला जाऊ नका, आठवड्यात दमाल. मी नेमकं तेच केलं होतं, भिंतीवर रंगीत वेळापत्रक चिकटवून! वन-रूम-किचनमध्ये ते जमत नाही.

गोष्टी, विज्ञान, परिसर हे तिघांना एकत्रच द्या. राणीच्या बागेतले पेंग्विन सगळ्यांनी बघायचे. मग धाकट्याने चित्र काढायचं, मधलीने पाच ओळी लिहायच्या आणि थोरल्याने मुंबईच्या उकाड्यात ते जगतात कसे, हे शोधायचं. ओहोटीची वेळ बघून हाजीअलीच्या खडकांवर गेलात, तर अख्खी सकाळ तिथेच जाते. गणित आणि वाचन मात्र ज्याचं त्याचं वेगळं. सुरुवातीला प्रत्येकी २० मिनिटं पुरेत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- धाकट्याला शेवटी ठेवणं. त्याला आधी घ्या, मग तो डाळ-तांदूळ निवडत निवांत बसतो.
- पहिल्याच महिन्यात अभ्यासाचे महागडे संच घेणं.
- थोरल्याला रोज मास्तर करणं. त्यालाही मूल राहू द्या.

दहावीचं आत्ता डोक्यात नको. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून ती परीक्षा देता येते, पण त्यासाठी १४ वर्षं पूर्ण लागतात. तुमचा थोरला तर अकराचाच आहे. पावसात घरात कोंडलेल्या तिघांचं काय करायचं, ते जूनमध्ये विचारा.