मार्क विचारणाऱ्यांच्या वर्गात

प्रिय भावी डॉक्टर,

‘मलाच झेपत नाहीये’ असं लिहिलं आहेस. त्यात अभ्यासाचा भाग किती आणि आजूबाजूच्या माणसांचा किती, हे आधी वेगळं काढू.

हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ‘नीटला किती मार्क होते?’ असं विचारतात. त्यांना मार्कांशी देणंघेणं नसतं, तू कुठल्या कोट्यातून आलीस ते काढून घ्यायचं असतं. मग मेसमध्ये कुणी कुणाशेजारी बसायचं, सिनियरच्या नोट्स कुणापर्यंत पोचायच्या, हे न बोलता ठरून जातं. राउंडला केस सांगताना तुझं इंग्रजी अडखळलं, मागून हसू आलं आणि पुढच्या वेळी उत्तर येत असूनही तू गप्प राहिलीस. झोप उडायला एवढं पुरतं.

‘हे काय रॅगिंग आहे का?’ असं तुला म्हणतील. आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१६ मध्ये नियम दुरुस्त करून जात, धर्म, प्रांत, भाषा, लिंग, आर्थिक परिस्थिती यांवरून होणारा मानसिक छळही रॅगिंगमध्ये धरला. महाराष्ट्राचा कायदा तर १९९९ पासून आहे आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. म्हणून तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेव. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी मुलीने जीव दिला. सिनियर डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि तिच्या आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. इतकं होईपर्यंत आपण थांबायचं नाही.

आता तब्येतीचं. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, अशी लक्षणं असलेला पेशंट समोर आला तर तू त्याला ‘मन घट्ट कर’ म्हणणार नाहीस. स्वतःलाही म्हणू नकोस. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत जायचा संकोच वाटत असेल तर पुण्यात बाहेर मानसोपचारतज्ज्ञ आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुझा हक्क आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर कुठलीही वेळ असो, मला उठव. वातावरण वाईट आहे म्हणून उपचार टाळू नकोस आणि गोळ्या सुरू झाल्या म्हणून तक्रार मागे घेऊ नकोस.

आणखी एक. वॉर्डातल्या त्या पेशंट मावशी आमच्या एकाही प्रश्नाला नीट उत्तर देत नव्हत्या. तू त्यांच्याशी पावरीत, त्यांच्या आदिवासी बोलीत, बोललीस तेव्हा कळलं, की गोळ्या त्यांनी कधीच बंद केल्या होत्या. सगळी मुलं एकाच पेठेतून आलेली असती तर ही हिस्टरी कुणालाच मिळाली नसती. वर्गात तऱ्हेतऱ्हेची मुलं हवीत ती यासाठी, आणि तुला हसणाऱ्यांना हे मी राउंडवर सांगणार आहे.

शुक्रवारी ओपीडी संपल्यावर वही घेऊन ये. अर्ज बसून लिहू. रूममेटला आणावंसं वाटलं तर आण.

तुझ्या मॅडम