मेसोथेलिओमा: वडिलांच्या जुन्या कामाचा इतिहास आधी लिहून काढा

तुम्ही लिहिले आहे की वडिलांच्या छातीत पाणी झाले, टीबी समजून सहा महिने औषधे चालली, तरीही पाणी पुन्हा भरले आणि शेवटी बायोप्सीच्या अहवालात ‘एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा’ (एपिथेलिऑइड हा मेसोथेलिओमाचा एक प्रकार) असे निदान आले. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या आणि निवृत्तीपर्यंत वॉचमनची नोकरी केलेल्या माणसाला हा आजार कसा झाला, असे तुम्ही विचारता. उत्तर तुमच्याच मजकुरात ओझरते आले आहे: 1982 च्या संपापर्यंत ते लालबागच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात होते. मी डॉक्टर नाही. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या प्रकरणांत कामगारांसोबत अनेक वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

फुफ्फुसांवर, पोटातील अवयवांवर आणि हृदयाभोवती जे पातळ आवरण असते, त्या आवरणाचा हा कर्करोग आहे. बहुतेक रुग्णांमध्ये तो फुफ्फुसाच्या आवरणात होतो. त्याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉस या उष्णतारोधक खनिजाचे अतिसूक्ष्म तंतू आहेत. श्वासावाटे आत गेलेले हे तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत. ते आवरणापर्यंत पोहोचतात, तेथे दीर्घकाळ दाह चालू राहतो आणि पेशींच्या जनुकांत बिघाड होत जातो. म्हणूनच संपर्क आणि आजार यांच्यामध्ये साधारण 20 ते 50 वर्षे जातात. तंबाखूमुळे हा आजार होत नाही, त्यामुळे वडील निर्व्यसनी होते यात विसंगती काहीच नाही. 1960 साली संशोधक वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातील 33 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा हा संबंध ठळकपणे पुढे आला. पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असल्याचे आपल्याकडे अजूनही सांगितले जाते; ते खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार माणसात कर्करोग करणारे ठरवले आहेत.

टीबीच्या औषधांत गेलेल्या महिन्यांबद्दल तुम्ही स्वतःला दोष देत आहात. तो देऊ नका. आपल्याकडे छातीत पाणी होण्याचे टीबी हे फार मोठे कारण आहे, आणि मेसोथेलिओमात नुसते पाणी तपासून पेशी सापडतीलच असे नाही. पुष्कळदा अहवाल निर्दोष येतो. दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा घेऊन त्यावर विशेष रंगचाचण्या केल्याशिवाय खात्री होत नाही. मला खरा दोष दिसतो तो दुसरीकडे. पाणी काढताना “पूर्वी काय काम करत होता?” हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर बायोप्सीची आठवण लवकर झाली असती. आपले केसपेपर आजचा व्यवसाय विचारतात, चाळीस वर्षांपूर्वीचा नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की वडिलांना बोलण्याची ताकद आहे तोवर त्यांच्याजवळ बसून त्यांच्या कामाचा इतिहास लिहून काढा. कोणत्या साली, कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात आणि हाताखाली कोणते काम, हे सगळे त्यांच्याच शब्दांत उतरवा. वाफेच्या नळांवर आणि बॉयलरवर उष्णता राखण्यासाठी लेप चढवत होते का, जुना लेप खरवडून काढत होते का, पांढरी दोरी किंवा पॅकिंग कापत होते का, आणि ती पूड कपड्यांवर घेऊन घरी येत होते का, हे मुद्दाम विचारा. ‘ॲस्बेस्टॉस’ हे नाव अनेकांना ठाऊकच नसते, त्यामुळे नाव न विचारता वस्तू विचारा. त्या काळचे सोबती भेटले तर त्यांचेही निवेदन घ्या. गिरणी बंद झाली म्हणून पुरावा संपत नाही: म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी तुम्ही अर्ज केला असेल, तर तिकीट नंबर, ईएसआयचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे त्याच पिशवीत असतील. हा इतिहास ऑन्कॉलॉजिस्टच्या (कर्करोगतज्ज्ञाच्या) केसपेपरवर लिहून घ्या, कारण पुढे भरपाईचा प्रश्न आला तर वैद्यकीय नोंदीत कामाचा उल्लेख असणे निर्णायक ठरू शकते. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कामगार भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. मालकच उरला नसेल तर वाट बिकट आहे, हे खरे. मुदतीचा प्रश्नही येतो, म्हणून कामगार कायद्याच्या वकिलाला लगेच भेटा. तुमच्या नात्यात कोणी मुलुंड-घाटकोपरकडच्या ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत असतील, तर त्यांना सांगा की सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाने अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोवर जपण्याचे बंधन घातले आहे.

उपचारांबद्दल स्पष्ट लिहितो. हा आजार सहसा पूर्ण बरा होत नाही. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही केमोथेरपी एकत्र दिल्यावर 2003 च्या मोठ्या चाचणीत मध्यक आयुष्य 12.1 महिने आले, एकट्या सिस्प्लॅटिनने 9.3; मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. यासोबत फॉलिक ॲसिड आणि बी-12 द्यावेच लागते. दोन औषधांच्या इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढवणाऱ्या उपचाराचा) पर्यायही आता आहे, पण केमोच्या तुलनेत तिचा मोठा फायदा एपिथेलिऑइडहून वेगळ्या प्रकारांत दिसला. वडिलांचा प्रकार एपिथेलिऑइड असल्याने, घर विकून ती घेण्याआधी फरक किती पडेल हे डॉक्टरांना थेट विचारा. परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्या, तेथील समाजसेवा विभागाला भेटा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. धाप आणि वेदना यांसाठी पॅलिएटिव्ह केअरचा (त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा) विभाग पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. पाणी वारंवार भरत असेल तर ते साचू नये म्हणून पावडर सोडून थर चिकटवता येतात किंवा कायमची नळी बसवता येते.

आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे नातवंडांना आजोबांजवळ खुशाल बसू द्या. घरावरचा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा शाबूत असेल तर घाबरून तोडू नका. तो कापणे, भोके पाडणे, घासणे यानेच धूळ उडते, म्हणून बदलायचा झाला तर ओला करून अखंड उतरवून घ्या. मात्र वडिलांचे कामाचे कपडे वर्षानुवर्षे आईंनी झटकून धुतले असतील, तर त्यांच्याही श्वासात तंतू गेले असण्याची शक्यता आहे. घरातल्या अशा संपर्कातून हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. धोका कामगारापेक्षा कमी असतो, पण त्यांना पुढे कधी धाप, छातीत दुखणे किंवा पाणी असे काही जाणवले, तर डॉक्टरांना वडिलांच्या बॉयलर खात्याची माहिती पहिल्याच भेटीत द्या.