विजेचा राष्ट्रीय बाजार नव्याने आखायचा झाला, तर तो बाजार समितीच्या हर्रासासारखा चालेल का?

तुमचा प्रश्न असा की उद्यापरवाच्या विजेची देशभर खरेदी-विक्री करणारं एक्सचेंज कोऱ्या कागदावर आखायचं असेल तर सुरुवात कुठून करावी, आणि कापसाच्या हर्रासाचा नमुना घेतला तर काय बिघडेल. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत बरीच वर्षं इलेक्ट्रिकल विभाग सांभाळला. ओपन ॲक्सेसमधून, म्हणजे वितरण कंपनीला वगळून बाहेरची वीज तिच्याच तारांतून आणायच्या सोयीतून, एक्सचेंजची वीज घ्यायचो, रोजची बोली मीच भरायचो. आता घरचं वावर पाहतो. म्हणजे दोन्ही हर्रास पाहून झालेत.

हर्रासापासून सुरुवात करू नका. आधी हे ठरवा की कबूल केलेली वीज कोणी दिली नाही, किंवा घेतली नाही, तर हिशेब कसा करायचा. लिलाव त्यानंतरचं काम आहे, आणि त्यामानाने सोपं.

आमच्याकडे कापूस दोन तऱ्हांनी जातो. एक खेडा खरेदी, व्यापारी दारात येतो आणि भाव दोघांत ठरतो. विजेतही हे आहे, दोन कंपन्यांतला थेट सौदा. दुसरी तऱ्हा बाजार समितीची. तिथे प्रत्येक गाडीला वेगळा भाव, कारण एकात ओल जास्त, दुसऱ्यात कवडी, म्हणजे डागी कापूस. आणि भाव पटला नाही तर गाडी परत आणून कापूस घरात भरून ठेवता येतो. विजेला यातलं काहीच लागू नाही. चंद्रपूरच्या केंद्रातलं युनिट आणि राजस्थानातल्या सौर प्रकल्पाचं युनिट तारेत एकदा शिरलं की ओळखू येत नाही, आणि परत नेऊन ठेवायला वखार नाही. बॅटऱ्या आल्यात, पण देशाच्या मागणीपुढे अजून चिमूटभरच.

माल एकसारखा म्हणून भावही एकच. विकणारे आपापल्या किमान भावाने, घेणारे कमाल भावाने बोली देतात. ती बंद पाकिटातली, एकमेकांची दिसत नाही. विक्रीच्या बोल्या स्वस्तापासून महागाकडे रचायच्या, खरेदीच्या महागापासून स्वस्ताकडे, आणि दोन रेषा जिथे छेदतील तो सगळ्यांचा भाव. समजा कोणी 2 रुपयांना द्यायला तयार होता, कोणी 3 ला, कोणी साडेचारला, आणि छेद 4.50 वर पडला. तर तिघांनाही 4.50 मिळतात. दोन रुपयेवाल्याला फुकटचे अडीच कशाला, असं लोक विचारतात. मीही विचारलं होतं. पण ज्याला त्याला बोलीइतकेच द्यायचे ठरवलं तर उद्या कोणीच खरा खर्च सांगणार नाही, सगळे भावाचा अंदाज बांधून बोली देतील. एकच भाव असला की खरा खर्च सांगण्यातच विकणाऱ्याचं हित राहतं, निदान त्याच्या हातात बाजार वाकवण्याइतका माल नसेल तोवर.

आता हिशेबाचं. दिवसाचे 15 मिनिटांचे 96 ब्लॉक असतात (2012 च्या एप्रिलपर्यंत ते तासाचे होते). दुपारी बारापर्यंत उद्याच्या प्रत्येक ब्लॉकची बोली द्यायची. एका उन्हाळ्यात आम्ही अशीच 2 मेगावॅट घेऊन ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आमच्याच ट्रान्सफॉर्मरचं बुशिंग फुटलं, गिरणी रात्री दहापर्यंत अंधारात. पण विकत घेतलेली वीज आमच्या नावावर येतच होती. 28 ब्लॉक, 14 हजार युनिट. आम्ही ती ओढली नाही म्हणून ती थांबली नाही, ग्रिडमध्ये दुसरीकडे गेली. पैसे मात्र आधीच कापले गेलेले. बाजार समितीत चुकाऱ्यासाठी अडत्याकडे खेपा घालाव्या लागतात तसं इथे नाही. एक्सचेंज दोघांच्या मधोमध उभं असतं, विकणाऱ्याचा पैसा बुडत नाही. हा भाग मात्र जसाच्या तसा उचला.

आमची 2 मेगावॅट ग्रिडने पचवली. पण एखादं राज्यच ठरल्यापेक्षा जास्त ओढायला लागलं की वारंवारता, म्हणजे ग्रिडचा सेकंदाला 50 ठोक्यांचा ताल, 50 हर्ट्झच्या खाली घसरते, आणि ते सगळ्या देशाला भोगावं लागतं. आपल्याकडे क्रम बरोबर पडला. पश्चिम विभागात जुलै 2002 मध्ये उपलब्धतेवर आधारित दरपद्धत आली. वारंवारता जितकी खाली, तितकं ठरल्याबाहेर ओढलेलं युनिट महाग. मग वीज कायदा 2003, आणि 27 जून 2008 ला पहिलं एक्सचेंज सुरू झालं, इंडियन एनर्जी एक्सचेंज. म्हणजे हिशेबाचा काटा आधी बसला, हर्रास मागून आला.

तरी एक खोट राहिलीच. वारंवारता बरी असली की ठरल्याबाहेर ओढण्याचा हा दर, म्हणजे दंडच, कधीकधी बाजारभावापेक्षा स्वस्त पडायचा. मग काही राज्यांनी दंडालाच बाजार करून टाकलं, रीतसर खरेदी न करता सरळ ओढायचं. कालव्याचं पाणी चोरण्याचा दंड पाणीपट्टीपेक्षा कमी असेल तर पट्टी भरेल कोण? 30 आणि 31 जुलै 2012 ला ग्रिड कोसळलं, त्याच्या कारणांत हे जास्तीचं ओढणंही होतं. 2014 पासून नियम कडक झाले. तुमच्या आराखड्यात दंड बाजारभावाच्या वरच राहील असा बांधा, आणि बाजारभाव हलला की तोही हलू द्या.

मात्र चूक सुधारायची संधीही हवी. ती 1 जून 2020 पासून आहे, दर अर्ध्या तासाला लिलाव आणि बोली बंद झाल्यावर तासाभरात वीज. माझ्या त्या बुशिंगच्या वेळी हे असतं तर रात्रीच्या ब्लॉकांतली बरीच वीज मी विकून मोकळा झालो असतो.

तारांचं थोडक्यात सांगतो. लिलाव आधी सगळा देश एक धरून करायचा, आणि ठरलेली वीज तारांत मावत नसेल तर बाजाराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा काढायचा. दक्षिण भारत 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर लाईनने बाकी ग्रिडला समकालिक, म्हणजे एकाच तालात चालेल असा, जोडला गेला. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं तिकडे भाव चढे असत. या फरकाचा पैसा एक्सचेंजच्या खिशात जाऊ देऊ नका, नाहीतर तारा तोकड्या राहण्यातच त्याचा फायदा. आपल्याकडे तो वीज प्रणाली विकास निधीत जातो.

कमाल भावाची मर्यादा ठेवावी का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. मार्च 2022 मध्ये भाव 20 रुपयांना भिडला, मग केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिलमध्ये 12 ची आणि पुढच्या वर्षी 10 ची मर्यादा घातली. मर्यादेने घेणारा वाचतो, पण तुटवडा भावात दिसायचा थांबतो आणि लोडशेडिंगमध्ये दिसतो. ते सोसायला अर्थात खेड्यातला फीडर असतोच. चंद्रपूरला 2920 मेगावॅटचं केंद्र आहे, आणि रात्रपाळीच्या विजेवर ओलित करताना पायाखाली साप आहे का बघत आम्ही बॅटरी घेऊन धुऱ्याने फिरलोय.

एक्सचेंज एक की अनेक? आपल्याकडे तीन आहेत, पण घेणारा तिथेच जातो जिथे विकणारे जास्त, म्हणून बहुतेक माल एकाकडेच. जुलै 2025 मध्ये केंद्रीय आयोगाने सगळ्यांच्या बोल्या एकत्र करून उद्याच्या विजेचा एकच भाव काढायचा निर्णय दिला, आणि त्यावर अपील झालं. मी असतो तर हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवलं असतं. धंदा बसल्यावर वाटणी करायला गेलं की भांडण होणारच.

आमची खरेदी शेवटी का थांबली तेही सांगतो. एक्सचेंजवरचा भाव स्वस्तच होता. त्यावर वहन आकार (तारांचं भाडं), क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार उचलण्यासाठी घेतात तो), तारेतली तूट हे सगळं चढून गिरणीच्या दारात ती वीज वितरण कंपनीच्या दराला येऊन टेकली. हे आकार एक्सचेंज ठरवत नाही, राज्याचा आयोग ठरवतो. तेव्हा कागदावर लिलाव आखून झाला की एखाद्या दिवसाचे ब्लॉक 49 आणि ब्लॉक 77 चे भाव शेजारी मांडा, म्हणजे दुपारी बाराचा आणि संध्याकाळी सातचा. सौर वीज वाढल्यापासून दोन्हींत किती तफावत पडते ते दिसेल. मग ती तफावत गिरणीच्या किंवा मोटारपंपाच्या बिलापर्यंत पोचते का, तेवढं तपासा आणि इथेच खाली लिहा.