२०५० साली मी ४५ वर्षांची असेन

"हा विषय तिला सोडायला सांगू का?" दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा हा पहिलाच प्रश्न. असे पालक हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलीने मानवजातीच्या भविष्यावरचा ऐच्छिक विषय आवडीने घेतला होता. हवामानबदल, अण्वस्त्रं, साथीचे रोग, कृत्रिम बुद्धिमत्ता. आता ती रात्री अडीचपर्यंत जागी आणि इंटर्नशिपचा फॉर्म तसाच पडलेला. तिने वही पुढे केली. एका बाजूला वर्षं, २०३०, २०५०, २१००. समोर स्वतःचं वय, २५, ४५, ९५. शेवटचा आकडा इतका गिरवला होता की कागद फाटायला आला होता.

"असं काही होत नाही गं," हे मी म्हटलं नाही. तिचं वाचन खरं होतं. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १० हजार तरुणांची पाहणी झाली, त्यात निम्म्याहून जास्त जणांना मानवजातीचा विनाश ठरलेलाच वाटत होता. हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली. "मग वर्गात सगळे गप्प का असतात, मॅडम?"

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात '८९ सेकंद' लिहिलेलं. अमेरिकेतले अणुशास्त्रज्ञ विनाशाची मध्यरात्र किती जवळ आली हे दाखवणारं एक प्रतीकात्मक घड्याळ १९४७ पासून चालवतात, त्याचा हा २०२५ चा आकडा. मी तिला त्या घड्याळाचे जुने आकडे काढून आणायला सांगितले. पुढच्या भेटीत ती १९९१ वर बोट ठेवून बसली. शीतयुद्ध संपत आलं, अण्वस्त्रकपातीचा करार झाला आणि काटा मध्यरात्रीपासून १७ मिनिटांवर गेला. "मागे नेला, मॅडम. माणसांनीच."

झोपेवर वेगळं काम करावं लागलं. रात्री नऊनंतर या विषयाचं वाचन बंद. संध्याकाळी २० मिनिटं फक्त काळजीसाठी, वही घेऊन. रात्री विचार आलाच तर एक शब्द लिहायचा आणि उद्यावर टाकायचा. पहिला आठवडा वायाच गेला. तिसऱ्या आठवड्यात ती बाराच्या आत झोपू लागली.

आईला मी सांगितलं, विषय सोडायला लावू नका. सोडला तरी डोक्यातलं जाणार नाही, त्यावर बोलायची जागा तेवढी जाईल. मात्र जेवण सुटलं किंवा 'मला जगायचंच नाही' असं ती बोलू लागली, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

इंटर्नशिपचा फॉर्म तिने शेवटच्या दिवशी भरला. वहीत २०५० समोरच्या ४५ च्या शेजारी आता आणखी एक आकडा आहे: 'आई ७२'.