मेटलर्जी (धातुशास्त्र), प्लास्टिक की लाकूड? कोल्हापूरच्या एका पालकांना उत्तर

पत्र : मी शिरोली एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे गिअरची एक खेप परत आली, कारण काही दात तुटले होते. ‘पोलाद तेच, माप तेच, मग तुटले का?’ असे ती तेव्हापासून विचारत असते. धातू, प्लास्टिक, लाकूड यांचे गुणधर्म कसे सुधारतात हेच तिला आता शिकायचे आहे. नातेवाईक मात्र कॉम्प्युटर घ्यायला सांगतात. तिने या तिन्हींपैकी काय निवडावे? नोकरी मिळेल का? आणि भट्टीजवळचे काम मुलीला झेपेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न हाच या विद्याशाखेचा मूळ प्रश्न आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. गिअरसाठी बहुधा कमी कार्बनचे, म्हणजे साधारण ०.२ टक्के कार्बन असलेले पोलाद वापरतात. दात कापून झाल्यावर गिअर ९०० ते ९३० अंश सेल्सिअस तापमानाला कार्बन पुरवणाऱ्या वातावरणात ठेवला जातो. त्यामुळे वरच्या एखाद्या मिलिमीटरच्या थरात कार्बनचे प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आसपास पोहोचते, आणि मग तो तेलात बुडवून वेगाने थंड केला जातो. लोहार विळ्याला पाणी देतो ती हीच क्रिया. वरचा थर अतिशय कठीण होतो, त्यामुळे दात झिजत नाहीत. आतला गाभा मात्र चिवट राहतो, त्यामुळे धक्का सोसला जातो. यानंतर १५० ते २०० अंशांवर टेम्परिंग, म्हणजे पुन्हा हलके तापवणे, केले नाही, किंवा अपुरे केले, तर कठीण थर ठिसूळ राहतो. कठीण थर प्रमाणाबाहेर खोल गेला, तर बारीक दातात चिवट गाभा फारसा उरतच नाही. शेवटच्या ग्राइंडिंगमध्ये पृष्ठभाग भाजला गेला, तर तिथे सूक्ष्म तडे पडतात. आपल्या खेपेत यांपैकी काय घडले, की आणखी काही, हे तुटलेला दात कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. तसे पाहून सांगू शकणारी व्यक्ती होणे, हेच आपल्या मुलीच्या मनात असावे असे आपल्या पत्रावरून वाटते.

या कामाबद्दल एक गोष्ट तिने प्रवेशाआधीच समजून घ्यावी अशी माझी इच्छा आहे. पदार्थाचा एखादा गुणधर्म सुधारतो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी दुसरा कोणता तरी गुणधर्म थोडा सोडावा लागतो. कठीणपणा वाढवला की चिवटपणा घटतो, हे गिअरमध्ये आपण पाहिलेच. म्हणून उद्योगाला ‘मजबूत पदार्थ’ बनवणाऱ्यापेक्षा, या भागासाठी नेमके काय हवे आहे आणि त्याच्या बदल्यात काय गमावले तर चालेल, हे ठरवू शकणाऱ्या माणसाची गरज अधिक असते. हा विचार धातू, प्लास्टिक आणि लाकूड या तिन्हींत सारखाच आहे. त्यामुळे ‘तिन्हींपैकी काय’ या प्रश्नाचे महत्त्व आपल्याला वाटते तेवढे नाही.

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, रोज दिसणारे उदाहरण घेऊ. साध्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ग्राफाइट (कार्बनचे एक रूप) पापुद्र्यांच्या आकारात असते. प्रत्येक पापुद्र्याच्या टोकाशी ताण एकवटतो, म्हणून ते बीड ओढले किंवा वाकवले की तुटते. मात्र तेच पापुद्रे कंपने शोषून घेतात, म्हणून यंत्राच्या पायाला अजूनही ते चांगले. गेल्या शतकात १९४० च्या दशकात असे आढळले, की वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घालून ते अवघे ०.०४ टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहिले, तरी ग्राफाइट गोळ्यांच्या आकारात तयार होते आणि बीड वाकू शकते. हेच एस.जी. आयर्न, म्हणजे गोल ग्राफाइटचे बीड. त्यातून आज वाहनांचे क्रँकशाफ्टसुद्धा ओतले जातात. पण मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटागणिक ओसरत जातो, त्यामुळे उपचार केलेले बीड वेळेत ओतले नाही तर ग्राफाइटचा गोल आकार बिघडतो आणि कास्टिंग नापास होते. रसायनशास्त्राचे पुस्तकी ज्ञान आणि शॉपवरची शिस्त इथे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. मला या क्षेत्राबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो याच कारणाने.

प्लास्टिकमध्येही हाच न्याय लागू होतो. नायलॉनमध्ये वजनाच्या ३० टक्के काचतंतू मिसळले, तर त्याची ओढ सोसण्याची ताकद साधारण दुप्पट होते आणि ते गाडीच्या रेडिएटरच्या टाकीसाठी वापरता येते. मात्र तंतू प्रवाहाच्या दिशेने झोपतात, त्यामुळे भाग थंड होताना वाकडा होऊ शकतो आणि साचाही लवकर झिजतो. नायलॉनचे दाणे मोल्डिंगपूर्वी नीट वाळवले नाहीत, तर त्यातले पाणी गरम अवस्थेत रेणूंच्या साखळ्या तोडते आणि तयार भाग कमजोर निघतो. याउलट, तयार झालेला भाग हवेतली थोडी आर्द्रता शोषून घेतो तेव्हा अधिक चिवट होतो, पण त्याचा ताठपणा कमी होतो. शेतातली ठिबकची नळी काळी असते, कारण तिच्यात मिसळलेली साधारण दोन-अडीच टक्के काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, सूर्याचे अतिनील किरण अडवते. ती नसती तर उघड्यावरची नळी लवकरच तडकू लागली असती.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की लाकूड आकसू लागते, म्हणून घरातल्या फर्निचरसाठी ते बारा टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. केरळात रबराच्या झाडांचे लाकूड बोरॉनच्या क्षारांनी उपचारित करतात, तेव्हाच ते कीड आणि बुरशीपासून वाचून फर्निचरच्या कामी येते. युरोपात लाकूड वाफेत सुमारे २०० अंशांपर्यंत तापवण्याची पद्धत रूढ आहे. त्याने ते कमी फुगते-आकसते आणि उशिरा सडते, पण त्याची वाकण्याची ताकद घटते. या विषयाचे शिक्षण पदवीनंतर घेणे सोयीचे आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकूडविज्ञानाची एम.एस्सी. आहे आणि बंगळूरूची लाकूडविज्ञान व तंत्रज्ञान संस्था या विषयात संशोधन करते. महाराष्ट्रात मात्र या वाटेवर नोकऱ्या मर्यादित आहेत. मुलीला लाकडाचीच ओढ असेल तरच या वाटेने जावे.

आता निवडीबद्दल माझे स्पष्ट मत. तिने पदवीसाठी मेटलर्जी आणि मटेरियल्स इंजिनिअरिंगची शाखा घ्यावी, कारण या शाखेचा पाया सर्वांत रुंद आहे आणि तिथून पॉलिमरकडे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांकडे, वळणे शक्य असते. एमएचटी-सीईटीच्या गुणांवर पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात ही शाखा मिळते. जेईई मेनवर नागपूरच्या व्हीएनआयटीत, तर जेईई अॅडव्हान्स्डवर मुंबईच्या आयआयटीत ती उपलब्ध आहे. प्लास्टिकचीच गोडी अधिक असेल, तर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील पॉलिमर अभियांत्रिकी हा उत्तम पर्याय आहे. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला नाही आणि तिने बी.एस्सी. केली, तरी सिपेट या केंद्रीय संस्थेचा प्लास्टिक प्रक्रिया आणि चाचणीचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा थेट उद्योगात नेतो. सिपेटचे केंद्र छत्रपती संभाजीनगरलाही आहे.

नोकरीबद्दल आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. पहिली नोकरी बहुतेक वेळा गुणवत्ता विभागात, हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये (जिथे भाग तापवून-थंड करून त्यांचे गुणधर्म बदलतात), फाउंड्रीत किंवा चाचणी प्रयोगशाळेत मिळते, आणि तिथला सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्रातल्या चांगल्या नोकरीपेक्षा कमी असू शकतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर मात्र बिघाडाचे कारण शोधून देणाऱ्या अभियंत्याला स्वतःचे असे स्थान मिळते, आणि ते कारखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. संशोधनाची आवड असेल, तर अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि नागपूरचे अॅल्युमिनियम संशोधन केंद्र ही सगळी आपल्याच राज्यात आहेत. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर असतो. नातेवाईकांना एवढे अवश्य सांगा, की ओतलेला धातू साच्यात कसा गोठेल आणि प्लास्टिक कसे भरेल याची गणिते आज संगणकावरच होतात. त्यामुळे तिने पायथॉनसारखी एखादी भाषा चांगली शिकावी, पण मूळ शाखा सोडू नये.

मुलीला भट्टीजवळचे काम झेपेल का, या आपल्या काळजीमागची माया मी समजू शकतो. या शाखेतले बरेच काम सूक्ष्मदर्शक, चाचणी यंत्रे आणि प्रक्रियेच्या नोंदी यांवर चालते, पण फाउंड्री किंवा हीट ट्रीटमेंटमध्ये काम करायचे तर भट्टीसमोर उभे राहावे लागतेच, आणि ते टाळून चांगला अभियंता होता येत नाही. माझ्या मते प्रश्न मुलगा की मुलगी हा नसून त्या कारखान्यात सुरक्षासाधने, धूर बाहेर काढण्याची सोय आणि रात्रपाळीला जाण्या-येण्याची व्यवस्था कशी आहे हा आहे. आपण स्वतः शॉपवर काम करता, तेव्हा कोणती जागा चांगली हे आपल्याइतके कोण ओळखणार?

निर्णयाआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात. एक, घरी आपल्या देखरेखीखाली तांब्याची जाड तार तिला वारंवार वाकवायला सांगा. ती ताठ होत जाईल. मग चिमट्यात धरून ती लाल होईपर्यंत तापवा, थंड झाल्यावर पुन्हा वाकवायला द्या. ती मऊ झालेली असेल. हे का घडले, याचे उत्तर तिने पुस्तकातून स्वतः शोधून आपल्याला समजावून सांगावे. दोन, परीक्षा झाल्यावर तिला ओळखीच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये आणि एखाद्या चाचणी प्रयोगशाळेत काही दिवस बसू द्या. त्या तुटलेल्या दाताचा तुकडा अजून हाताशी असेल, तर मालकांची परवानगी घेऊन तो तिथे तपासायला द्या आणि अहवाल तिला वाचायला सांगा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही तिला मनापासून आवडत असतील, आणि त्या अहवालातून तिचे प्रश्न कमी होण्याऐवजी वाढले, तर प्रवेशफेरीच्या पसंतीक्रमात मेटलर्जी सर्वांत वर भरा. ती जागा मिळाली नाही, तर त्याखाली मेकॅनिकल ठेवा आणि एम.टेक.ला मटेरियल्स घेण्याचा मार्ग मोकळा ठेवा. अर्ज भरताना तिचे सीईटीचे गुण कळवल्यास महाविद्यालयांचा क्रम लावण्यात मी आनंदाने मदत करीन.