येशू देव की माणूस? ‘अवतार’ म्हणून हा वाद का मिटला नाही?

तुमचा प्रश्न असा: येशू देव होता की माणूस यावरून सुरुवातीचे ख्रिस्ती लोक चार-पाचशे वर्षं का भांडत राहिले? ‘तो देवाचा अवतार’ एवढं म्हणून त्यांना थांबता आलं नसतं का?

मी वसईचा, कॅथलिक. आमच्या घरी रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची. तिच्यात ‘पवित्र मारिये, देवाच्या माते’ हे शब्द 53 वेळा येतात. आई ते डोळे मिटून म्हणायची आणि आम्ही पोरं पेंगत तिच्यामागून. ‘देवाची माता’ या दोन शब्दांवरून एका आर्चबिशपचं पद गेलं, त्याचे ग्रंथ जाळायचा हुकूम निघाला आणि चर्चचे जे तुकडे पडले ते आजही पुरते सांधलेले नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून या विषयाचं वाचन सुटलेलं नाही. त्या दोन शब्दांच्या वाटेनंच उत्तर देतो.

आधी अवताराबद्दल. देव माणसाच्या रूपात आला, पण ते रूप वरवरचं होतं, त्याला खरी भूक लागत नव्हती, खिळे ठोकले तेव्हा खरं दुखलं नाही, असं मानणारे लोक अगदी सुरुवातीपासून होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखिया या सिरियातल्या मोठ्या शहराचा बिशप इग्नेशियस याला रोमला मृत्युदंडासाठी नेत होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांत तो पुन्हा पुन्हा एकच शब्द वापरतो: खरोखर. खरोखर जन्मला, खरोखर जेवला-प्यायला, खरोखर क्रुसावर मेला. आपण स्वतः मरायला निघालो असताना ज्याच्यासाठी मरायचं त्याचं दुःख नाटकी होतं, हे त्याला सोसणारं नव्हतं. म्हणून नुसत्या ‘रूप घेतलं’वर त्यांचं भागेना.

दुसऱ्या टोकाला एरियस. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा हा धर्मगुरू म्हणाला की पुत्र (म्हणजे येशू; पिता म्हणजे देव) सर्वांत श्रेष्ठ खरा, पण तोही निर्माण केलेला. तो नव्हता असा काळ होता. 325 साली निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असं ठरवलं. त्यानंतरही भांडण अर्धं शतक पेटत राहिलं, पण तो भाग इथं सोडतो. खरा पेच त्याच्या पुढचा आहे. पुत्र पूर्ण देव आहे हे एकदा मान्य केलं, की गोठ्यात रडणारं बाळ कोण?

लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस यानं सोपं उत्तर दिलं: शरीर माणसाचं, पण मनाच्या जागी दैवी शब्द. (‘शब्द’ म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातला, बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, तो शब्द, जो आरंभी देवाजवळ होता आणि देह झाला.) त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपाचं एक वाक्य आहे. मला विचाराल तर या साऱ्या वादाची किल्ली तिथंच आहे: जे त्यानं धारण केलं नाही, ते बरं झालं नाही. माणसाचं मन आजारी आहे, भय, मोह, निराशा सगळं तिथंच आहे. ते मनच ख्रिस्तानं घेतलं नसेल तर आमचं काय बरं झालं? हे लोक कोड्यासाठी भांडत नव्हते. आपण वाचलो का आणि कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

आता ते दोन शब्द. 428 साली अंत्युखियाकडचा नावाजलेला प्रवचनकार नेस्टोरियस राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा (आजचं इस्तंबूल) आर्चबिशप झाला. शहरातले लोक येशूच्या आईला, मारियेला, ‘थेओटोकोस’ म्हणत, म्हणजे देवाला जन्म देणारी. नेस्टोरियसला ते खटकलं. देव अनादी आहे, त्याला आई कुठली? ‘ख्रिस्टोटोकोस’ म्हणा, ख्रिस्ताला जन्म देणारी, म्हणजे देवत्व आणि मनुष्यत्व दोन्ही बाजू सांभाळल्या जातील, असं त्यानं सुचवलं.

हा माणूस श्रद्धेला तुच्छ लेखत नव्हता. तो ज्या परंपरेत वाढला तिला शुभवर्तमानातला माणूस येशू अतिशय प्रिय होता: विहिरीपाशी दमून बसणारा, लाजराच्या कबरीपाशी रडणारा, ‘तो दिवस मला ठाऊक नाही’ म्हणणारा. आणि देव निर्विकार आहे, त्याला दुःख शिवत नाही, हे तर दोन्ही पक्षांना मान्य होतं. मग हे दमणं-रडणं थेट देवावर घातलं तर एक तर देव विकारी ठरतो, नाहीतर रडणं खोटं ठरतं. म्हणून अंत्युखियाचे लोक दोन्ही स्वभाव वेगळे ओळखून बोलत. त्यांचा लाडका दाखला मंदिराचा: मनुष्यत्व हे मंदिर, देवत्व त्यात राहणारं.

अलेक्झांड्रियाचा आर्चबिशप सिरिल हे ऐकून पेटून उठला. मंदिर आणि त्यात राहणारा म्हटलं की दोघं झाले. मग क्रुसावर कोण मेलं, नुसतं मंदिर? आणि मिस्साबलिदानात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकरीच्या रूपात आम्ही ख्रिस्ताचं जे शरीर घेतो ते कुणाचं? एखाद्या सत्पुरुषाचं शरीर घेऊन अनंत जीवन मिळत नाही. देवाचा शब्द स्वतः देह झाला, तोच जन्मला, तोच मेला; दुःख न शिवणारा असूनही देहात त्यानं दुःख भोगलं. सिरिलचा दाखला तापलेल्या लोखंडाचा: लोखंड लोखंडच राहतं, पण अंगभर आग भिनलेली असते. त्याचं आवडतं सूत्र होतं ‘देव-शब्दाचा देह धारण केलेला एकच स्वभाव’. हे अथानेसियसचं, अलेक्झांड्रियाच्याच एका थोर पूर्वीच्या बिशपाचं, वचन आहे असं तो मनापासून मानत होता. प्रत्यक्षात ते अथानेसियसच्या नावावर फिरणाऱ्या अपोलिनारिसच्या लिखाणातलं होतं. पुढच्या कित्येक पिढ्यांचा गोंधळ या एका चुकीच्या नावातून आलाय.

‘स्वभाव’ या शब्दाचीही अडचण होती. ग्रीक ‘फिसिस’ म्हणताना सिरिलच्या मनात एक जिवंत, सबंध व्यक्ती असे; अंत्युखियावाल्यांच्या मनात गुणधर्मांचा संच. एकाला ‘दोन स्वभाव’ म्हटलं की दोन येशू ऐकू येत, दुसऱ्याला ‘एक स्वभाव’ म्हटलं की देव आणि माणूस यांचा काला झाल्यासारखं वाटे.

431 साली इफिससला परिषद भरली. ती जिथं भरली ती इमारत मारियेच्याच नावाचं चर्च होतं, तिचे अवशेष आज तुर्कस्तानात उभे आहेत. अंत्युखियाचे बिशप अजून वाटेत होते. सिरिल थांबला नाही. 22 जूनला त्यानं कामकाज सुरू केलं, नेस्टोरियस बोलावूनही आला नाही आणि एका दिवसात त्याला पदच्युत केलं. रात्री लोकांनी मशाली धरून बिशपांना मुक्कामापर्यंत पोचवलं, बायका धूप जाळत पुढं चालल्या. थोड्याच दिवसांत अंत्युखियाचा योहान पोचला, त्यानं वेगळी सभा भरवली आणि सिरिललाच पदच्युत केलं! सम्राट थिओडोसियस दुसरा यानं दोघांनाही अटकेत ठेवलं. सिरिलनं दरबारातल्या माणसांना सोनं, गालिचे आणि हस्तिदंती खुर्च्या पाठवल्या. त्या भेटींची यादी आजही उपलब्ध आहे. सिरिलचा मुद्दा मला पटतो, आईच्या जपमाळेत तोच होता. पण ही यादी वाचताना मला लाज वाटते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. 433 मध्ये सिरिल आणि योहान यांच्यात समेट झाला. नेस्टोरियस मात्र अखेरीस इजिप्तच्या वाळवंटातल्या मरूद्यानात हद्दपार झाला.

मग लंबक दुसरीकडे गेला. कॉन्स्टँटिनोपलमधला म्हातारा मठाधिपती युटिखेस म्हणू लागला की एकत्र येण्याआधी स्वभाव दोन, एकत्र आल्यावर एक. 449 साली इफिससलाच पुन्हा परिषद भरली, तिनं त्याला निर्दोष ठरवलं. तिथं आर्चबिशप फ्लेवियनला इतकी मारहाण झाली की तो त्यातून वाचला नाही. रोमच्या पोप लिओनं तिला ‘लुटारूंची परिषद’ म्हटलं. पुढच्या वर्षी सम्राट घोड्यावरून पडून मेला, त्याची बहीण पुल्केरिया आणि तिचा नवरा मार्शियन सत्तेवर आले, आणि 451 मध्ये खाल्सेदोन इथं, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या काडिकोय भागात, मोठी परिषद बसली.

तिनं ठरवलं: ख्रिस्त पूर्ण देव, पूर्ण माणूस; एकच व्यक्ती, दोन स्वभाव. हे दोन एकत्र कसे, यासाठी चार ग्रीक शब्द वापरले, चारही ‘अ’नं सुरू होणारे: मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. हा ‘अ’ आपल्या अचल, अविभक्त यांतलाच, नकाराचा. परिषदेनं गूढ उलगडलं नाही, चारी बाजूंनी कुंपण घातलं. मला यात तिचा मोठा विवेक दिसतो.

पण सगळ्यांना ते पटलं नाही. इजिप्तचे कॉप्टिक, सिरियन, आर्मेनियन, इथियोपियन यांना ‘दोन स्वभाव’ म्हणजे सिरिलशी दगाबाजी वाटली. पलीकडे पर्शियातलं पूर्वेचं चर्च नेस्टोरियसला आपला मानत राहिलं.

ते आपल्या किनाऱ्यापर्यंतही आलं. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की ‘कल्लियाना’ इथं पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात, काहींचं मत वेगळं आहे. केरळचे सिरियन ख्रिस्ती तर शतकानुशतकं पर्शियाशी जोडलेले होते. 1599 मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस यानं उदयमपेरूरला सभा घेऊन त्यांच्या उपासनेतून नेस्टोरियसचं नाव काढायला लावलं आणि त्यांचे सिरियाक ग्रंथ दुरुस्त करायचा किंवा जाळायचा हुकूम दिला. पुढं त्यांच्यातला एक गट पोर्तुगीजांशी फारकत घेऊन सिरियन जेकोबाइट चर्चकडे गेला, म्हणजे थेट विरुद्ध टोकाला, ‘एक स्वभाव’वाल्यांकडे. मुंबईत तुमच्या शेजारी एखादं मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंब राहत असेल, तर 451 मधल्या मतभेदाचे वारस तुमच्याच मजल्यावर आहेत.

11 नोव्हेंबर 1994 रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. ‘देवाची माता’ आणि ‘आमचा देव व तारणारा ख्रिस्त याची माता’, दोन्ही म्हणणं योग्य आहे, श्रद्धा एकच आहे, असं त्यात आहे. मधे 1563 वर्षं गेली होती.

आणि नेस्टोरियस? त्यानं हद्दपारीत एक ग्रंथ लिहिला. तो हरवला असंच सगळे समजत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेच्या चर्चकडे त्याचं सिरियाक भाषांतर सापडलं आणि 1910 मध्ये ते छापलं गेलं. वाळवंटात त्याला पोप लिओची ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ ही भूमिका कळली होती आणि हेच तर मी म्हणत होतो, असं त्याला वाटलं. तरी त्यानं लिओला पत्र लिहिलं नाही. आपलं बदनाम नाव जोडलं गेलं तर लिओचं म्हणणंच लोक टाकून देतील, अशी त्याला भीती होती. नेस्टोरियसला खुशाल शाप द्या, पण देवाबद्दल नीट बोला, अशा आशयाचं त्यानं लिहून ठेवलंय.